किळस, भीती आणि स्पर्श : ‘उचल्या’ व ‘अक्करमाशी’ यांचे एक वाचन

२०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेल. एप्रिल महिन्यात ‘जलदूत’ नावाची ती गाडी प्रथम लातूरला पोहोचली. गल्लोगल्ली घागरींच्या रांगा लागत होत्या. त्याच दिवसांत आमच्या भाविकांपैकी एक गृहस्थ संध्याकाळी माझ्याकडे आले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “फादर, घरात प्यायला पाणी नाही, आणि ही दिवसातून चाळीस चाळीस वेळा हात धुते. टँकरचं पाणी मोरीत जातं. तुमचं ती ऐकेल. जरा समजावून सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बाईंचे हात कोपरापर्यंत सोलवटलेले होते. मी मला सुचेल तसे सांगितले : हात स्वच्छ आहेत, कोणताही रोग होणार नाही, भिण्याचे कारण नाही, प्रभूवर भरवसा ठेवा. त्यांनी माझे सर्व बोलणे खाली मान घालून ऐकले. मग हळूच म्हणाल्या, “रोगाची भीती नाही हो फादर. किळस येते. हाताला काहीतरी लागलंय असं वाटतं, आणि ते आत आत जातंय असं वाटतं.”

ही हकिगत मी त्या कुटुंबाच्या अनुमतीने, कोणाचीही ओळख पटणार नाही अशा बेताने येथे देत आहे. मला जे कळले नव्हते, ते त्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितले. भीतीचे उत्तर माझ्यापाशी होते, किळसेचे नव्हते. गुरुविद्यालयात आम्हाला नीतिशास्त्र शिकवताना भीती, क्रोध, लोभ यांची चर्चा झाली, अतिशंकी विवेकबुद्धीचेही एक प्रकरण होते. किळस या भावनेला मात्र स्वतंत्र पान मिळाले नव्हते. तिच्याविषयी पुढे मी जे थोडेफार शिकलो, ते आधी वैद्यकाच्या नव्हे, तर दोन मराठी पुस्तकांच्या वाचनातून शिकलो. दोन्ही पुस्तके आमच्या या भागाशी संबंधित आहेत. एक लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि दुसरे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’. त्या वाचनाचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत भीती ‘वाटते’, पण किळस ‘येते’. ओकारी येते, शिंक येते, तशीच शिसारीही येते. जे वाटते, त्याच्याशी वाद घालता येतो. अंधारात साप आहे असे वाटले, तर दिवा लावून दोरी दाखवता येते. जे येते, त्याच्याशी वाद चालत नाही. सरबताच्या पेल्यात झुरळ पडले, ते काढून टाकले, आणि हे झुरळ आधीच निर्जंतुक केलेले होते असे शपथेवर सांगितले, तरी आपण ते सरबत पिणार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. धोका नाही हे माणसांना पटले होते, तरी हात पुढे होईना. एकदा स्पर्श झाला की तो कायमचा झाला, असा किळसेचा न्याय आहे. आपल्याकडे त्याला ‘विटाळ’ हा शब्द पूर्वीपासून आहे.

यापुढची पायरी अभ्यासकांनी १९९० च्या दशकात गाठली. तोवर भयगंड आणि चिंताविकार म्हणजे निव्वळ भीतीचा अतिरेक, असे सर्वसाधारणपणे समजले जाई. ब्रिटनमध्ये ग्रॅहम डेव्ही यांनी कोळ्याला भिणाऱ्या माणसांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की कोळी चावेल या भयापेक्षा त्याच्याविषयीची शिसारी अनेकदा अधिक काम करीत असते. रक्त पाहून घाबरणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. इतर भीतीत छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. रक्ताच्या भयगंडात मात्र तो आधी वाढून मग एकाएकी खाली येतो आणि माणूस घेरी येऊन पडतो. आणि ज्याला आपले लोक ‘मंत्रचळ’ म्हणतात, त्या वारंवार हात धुण्याच्या विकारात तर किळस हीच पुष्कळदा मुख्य प्रेरणा असते. भीती तिच्या मागोमाग येते.

हे वाचताना मला भरतमुनींची आठवण झाली. नरहर कुरुंदकरांनी ज्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केले आणि ज्या मराठवाड्याला साहित्यविचार व्याख्यानांतून ऐकण्याची सवय लावली, तेथे भरताचे नाव कोणाला परके वाटणार नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात चार रस मूळचे आणि चार त्यांच्यापासून उपजलेले मानले आहेत. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक. म्हणजे भरताच्या मते भयानकाचा जन्मदाता बीभत्स आहे आणि बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजेच किळस. इतकेच नव्हे, तर रक्त पाहून होणारा क्षोभ एक आणि विष्ठा-कृमी पाहून येणारा उद्वेग दुसरा, असा बीभत्साचा भेदही त्याने केला आहे. रक्ताचा भयगंड आणि घाणीचा मंत्रचळ हे दोन वेगळे आहेत, हे आजचे वैद्यकही सांगते. भरताला मानसशास्त्र ठाऊक होते असे मला म्हणावयाचे नाही. तो रंगभूमीविषयी लिहीत होता. पण प्रेक्षक कशाने आक्रसतो आणि त्यानंतर कशाने थरथरतो, याचे त्याचे निरीक्षण चोख होते.

या क्रमाचा अनुभव मला स्वतःला पुस्तकाआधी आला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीनंतरच्या रात्री, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मी तेव्हा गुरुविद्यालयाचा विद्यार्थी होतो. मदतीसाठी गेलेल्या एका तुकडीत मीही होतो. पाऊस पडत होता. ढिगारे उपसले जात होते. धरणीकंपाचे पुनःपुन्हा बसणारे धक्के मला पहिले दोन दिवस भयभीत करीत होते. आठवड्याभरात त्यांची सवय झाली. त्या गावांतील लोकांना दगडी घरात पाऊल ठेवण्याची भीती पुढे दीर्घकाळ वाटत राहिली, कारण त्या भिंतींनीच त्यांची माणसे घेतली होती. माझे तसे काही गेले नव्हते. माझी भीती ओसरली. परंतु तो वास गेला नाही. परत आल्यावर कित्येक महिने मला मांसाच्या ताटासमोर बसवत नसे, आणि ओल्या मातीचा वास आला की घशाशी येई. भीतीपेक्षा किळस सावकाश विझते, असे अभ्यासक म्हणतात. ते खरे आहे याची साक्ष मी देऊ शकतो.

आता पुस्तकांकडे वळू.

‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक लातूर तालुक्यातील धनेगावचे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांपैकी एका जमातीत त्यांचा जन्म झाला. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. या आत्मकथनात भूक आहे, उंदीर भाजून भूक भागवणारी पोरे आहेत, चोरीचे शिक्षण म्हणून मुलांना सोसावा लागणारा मार आहे, आणि रात्री-अपरात्री झोपडीत शिरणारे पोलीस आहेत. पांढरपेशा वाचकाला ज्याची शिसारी येईल, ते पानोपानी आहे. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की निवेदकाला त्याची शिसारी येत नाही. उंदीर हे त्याचे जेवण आहे. तो ते जेवणासारखे सांगतो. भाषा सपाट, घाईची, बोलीतली आहे. ‘पाहा, हे किती भयंकर!’ असे सुचवणारे विशेषण तो शोधत बसत नाही.

याचा परिणाम असा होतो की किळस पुस्तकात उरत नाही, ती वाचणाऱ्याच्या हातात येऊन पडते. ती आपली आहे, हे वाचकाला कबूल करावे लागते. निवेदकाची भीती वेगळीच आहे. ती पोलिसांची आहे, उपाशी रात्रीची आहे. आपल्याला त्यांच्या अन्नाची किळस येते आणि त्यांना आपल्या खाकी वर्दीची धास्ती वाटते. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे पुस्तक बोलून न दाखवता उघड करते. ज्यांची आम्हाला किळस येते, त्यांना आम्ही धोकादायक ठरवतो. धोकादायक ठरवले की त्यांना धाकात ठेवणे न्याय्य वाटू लागते. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती येथे रंगमंचावर नव्हे, गावगाड्यात होते.

या पुस्तकातील एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मुलगा शाळेत जाऊ लागतो, आणि थोड्याच दिवसांत वस्तीतील पोरांना हगवण-ओकारी लागते. वस्तीतील लोक त्याचे खापर त्याच्या शाळेवर फोडतात. आपल्या जातीत कोणी शिकू नये, शिकले म्हणून हे झाले, अशी त्यांची समजूत असते. ज्यांना गाव विटाळ मानते, तीच माणसे अक्षराला विटाळ मानू लागतात. विटाळाची भाषा वरून खाली येते, हे आपण जाणतो. पण खाली आल्यावर ती तेथेही घर करते, याचे इतके सरळ चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. हगवणीची किळस, तिच्यातून मरणाचे भय, आणि त्या भयातून एका मुलाच्या पाटीवर आलेला राग, ही साखळी गायकवाड काही ओळींत दाखवून पुढे जातात.

दोषही सांगितले पाहिजेत. पुस्तकाचा उत्तरार्ध संघटना, संप, मोर्चे यांच्या हकिगतींनी भरलेला आहे. त्या हकिगती खऱ्या आहेत आणि आवश्यकही आहेत. पण तेथे निवेदन अहवालाच्या वळणावर जाते. पूर्वार्धात वाचकाला जे सोसावे लागते, ते उत्तरार्धात त्याला केवळ कळते.

‘अक्करमाशी’ हे त्याआधीचे, १९८४ सालचे. शरणकुमार लिंबाळे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातले. दूरध्वनी खात्यातील नोकरीच्या निमित्ताने हा निवेदक आजच्या लातूर जिल्ह्यात येतो, म्हणून हे पुस्तकही आमच्या आपलेपणाचे. शीर्षकच वजनमापाचे आहे. बारा माशांचा तोळा. एक मासा कमी पडला की ते अक्करमाशी. अशुद्ध सोन्याला जो शब्द, तोच विवाहबाह्य संततीला. पुस्तकाच्या नावातच शुद्ध-अशुद्धाचा तराजू टांगलेला आहे.

यातील शेणाचा प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. निवेदकाची आजी, संतामाय, वाटेवरचे शेणाचे पो गोळा करते. सुगीत जनावरांनी खाल्लेले, न पचता बाहेर पडलेले ज्वारीचे दाणे त्यात असतात. ती ते धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकर स्वतः खाते. नातू तिच्या भाकरीचा हट्ट धरतो. घास तोंडात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येतो, तो गिळवत नाही. संतामाय मात्र तीच भाकर मुकाट्याने खात राहते.

‘उचल्या’मध्ये निवेदकाला किळस नाही. येथे ती आहे. लिंबाळे यांचा नायक स्वतःच शिसारतो, आणि त्यामुळे वाचकाला त्याच्या आडोशाला उभे राहता येते. पण लगेच तो आडोसा काढून घेतला जातो. आजी खातच असते. तिच्याकडे पाहताना त्या पोराची किळस शरमेत बदलते, आणि वाचकाचीही. भरताच्या वंशावळीत बीभत्साचे अपत्य भयानक आहे. लिंबाळे यांनी येथे बीभत्साच्या पोटी करुण जन्माला घातला आहे, आणि तो दुरून केलेल्या दयेचा करुण नव्हे. ती भाकर खाणारी बाई ‘ते लोक’ नाही, आजी आहे. मायेच्या नात्याने जेथे हात धरून ठेवला आहे, तेथे किळसेला भीतीपर्यंत पोहोचता येत नाही. या लेखात मला जे सांगावयाचे आहे, ते सारे या एका प्रसंगात आहे.

नांदेड जिल्ह्यात आल्यावर मी आमच्या युवक-युवतींच्या वाचनमंडळात हे पान मोठ्याने वाचून दाखवले. घरची काही वडीलधारी माणसेही मागे बसली होती. वाचन अर्ध्यावर आले आणि बारावीत शिकणारी एक मुलगी ‘शी!’ म्हणून तोंडाला ओढणी लावून उठली. मी थांबलो. मागून तिचे आजोबा शांतपणे म्हणाले, “वाचा फादर. ते खोटं नाही. माझ्या आईनं केलंय हे, दुष्काळात. मी खाल्लीय ती भाकर.” मुलगी दारात उभी राहिली. ती परत आत आली, आपल्या जागी न बसता आजोबांच्या शेजारी बसली. त्यानंतर कोणी फारसे काही बोलले नाही. रसचर्चेची जी पुस्तके मी वाचली, त्यांत वाचकाच्या मनातील बदलाचे वर्णन आहे. तो बदल घडताना मी त्या दिवशी पाहिला. आमच्या मराठवाड्यातील कितीतरी ख्रिस्ती घरे त्याच वाटेने आलेली आहेत. दोन पिढ्यांत शेणातील दाण्यापासून आपण महाविद्यालयापर्यंत आलो, हे प्रभूचे देणे आहे. पण तेवढ्याच काळात आजीच्या भाकरीची किळस येण्याइतके दूरही आलो आहोत.

‘अक्करमाशी’चा पुढचा भाग नोकरदार निवेदकाच्या भीतीचा आहे. भाड्याची खोली, शेजारी, आपली जात कळेल ही सततची धास्ती. येथे कोणी मारायला येत नाही, पोलीस दार ठोठावत नाहीत. तरी तो सुखाने झोपत नाही. मला कोणी इजा करील, ही त्याची भीती नाही. माझी कोणाला तरी किळस येईल, ही आहे. चिंताविकाराने पिडलेली जी माणसे आमच्याकडे येतात, त्यांच्यापैकी अनेकांचे दुखणे याच जातीचे असते. चारचौघांत बोलता न येणारा तरुण, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी स्त्री, हे स्वतःलाच अक्करमाशी मानत असतात. दुसऱ्याच्या नजरेतील किळस माणसाने आत घेतली की ती त्याची स्वतःची होते. मग ती धुऊन काढता येत नाही, कारण ती कातडीवर नसतेच.

या पुस्तकाचाही एक दोष नोंदवतो. लिंबाळे प्रसंग सांगून थांबत नाहीत. ते लगेच प्रश्न विचारतात, एकामागून एक. माझी जात कोणती, माझा बाप कोण, माझा अपराध काय? हे प्रश्न रास्त आहेत, पण वारंवार आल्यामुळे त्यांची धार बोथट होते. संतामायच्या भाकरीनंतर कोणत्याही प्रश्नाची गरज नव्हती.

येथे एक आक्षेप येईल. संतवाङ्मयाने आणि आमच्या धर्मोपदेशानेही किळसेचा उपयोग चांगल्या कामासाठी केलाच की! देह म्हणजे रक्त-मांस-मलाची पिशवी, असे म्हणून वैराग्य शिकवले गेले. पाप म्हणजे घाण, पाप म्हणजे महारोग, असे व्यासपीठावरून शतकानुशतके सांगितले गेले. मीही सांगितले आहे. तपःकाळातील माझ्या कितीतरी प्रवचनांत तो दृष्टान्त होता, कारण तो चटकन भिडतो. पण चटकन भिडतो याचे कारण तो भीती जागवतो, आणि ती किळसेच्या वाटेने जागवतो. ब्रिटिश परंपरेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९९० च्या दशकात ‘मनाच्या विटाळा’विषयी लिहिले आहे : काहीही न शिवता, एखाद्या विचाराने किंवा अपमानाने माणसाला आपण मळलो असे वाटते आणि तो धूत सुटतो. त्या हात धुणाऱ्या बाईंनी नंतर मला सांगितले, की त्यांना कधी कधी मिस्सेला येण्याआधी दहा दहा वेळा हात धुवावे लागत, कारण या हातांवर परमप्रसाद घ्यावयाचा असतो. ते ऐकून मी माझी जुनी प्रवचने काढून पाहिली. त्यांच्या दुखण्याचे कारण माझे शब्द होते असे मी म्हणत नाही. अशा विकारांची कारणे अनेक असतात. पण त्या आगीत मी काटक्या टाकल्या नाहीत, असेही मला म्हणता येत नाही.

आमच्याच गोदाकाठच्या परंपरेत एकनाथांची आख्यायिका आहे. पैठणला स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर पुनःपुन्हा थुंकतो, आणि नाथ प्रत्येक वेळी परत जाऊन स्नान करतात. एकशे आठ वेळा, असे लोक सांगतात. बाहेरून पाहिले तर तोही मंत्रचळच वाटेल. भेद आत आहे. नाथांना थुंकणाऱ्याची किळस नाही, म्हणून भीती नाही, म्हणून रागही नाही. शेवटी तो माणूसच वरमतो. धुणे तेच, पण एक धुणे दुसऱ्याला दूर लोटते आणि एक लोटत नाही.

आणि संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचकांनी पुन्हा उघडावा. कुष्ठरोगी गुडघे टेकतो. प्रभू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग तो शुद्ध होतो. क्रम ध्यानात घ्यावा. ‘आधी शुद्ध हो, मग शिवतो’ असे प्रभू म्हणत नाही. त्याच उताऱ्याच्या अखेरीस प्रभूला उघडपणे नगरात जाता येईनासे होते आणि तो बाहेर ओसाड जागी राहतो. म्हणजे ज्या जागी तो रोगी होता, त्या जागी आता प्रभू आहे. अनेक वर्षे मी हा उतारा सामर्थ्याचा चमत्कार म्हणून वाचून दाखवत असे. ही दोन पुस्तके वाचल्यानंतर मला त्यातील स्पर्श दिसला.

किळस ही भावना वाईट नाही. तिने माणसाला नासक्या अन्नापासून आणि साथीच्या रोगांपासून वाचवले आहे. २०२० च्या साथीत अंतर राखणे हे प्रेमाचेच कृत्य होते. पण साथ गेल्यावरही काही घरांत, काही शेजाऱ्यांविषयी, ते अंतर उरले. धोका संपला तरी किळस मागे राहते, हा तिचा स्वभाव आहे. म्हणून नुसत्या समजावण्याने ती जात नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली जी उपचारपद्धती मांडली, तिचे सार साधे आहे : ज्याची किळस येते त्याला शिवायचे आणि धुवायचे नाही, त्या अस्वस्थतेत बसून राहायचे, ती आपोआप उतरेपर्यंत. हे जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, थोडे थोडे, रुग्णाच्या संमतीने करावयाचे असते. जबरदस्तीने केल्यास अपाय होतो. किळस भीतीपेक्षा उशिरा उतरते, म्हणून धीरही अधिक लागतो.

चांगले पुस्तक वाचकाशी असेच काहीतरी करते. ते आपल्याला एका पानावर आणून बसवते आणि हात धुवायला उठू देत नाही. ‘उचल्या’ आणि ‘अक्करमाशी’ प्रथम आली तेव्हा ती ओंगळ आहेत, असे म्हणून मिटवून ठेवणारे वाचक होते. मीही त्यांत होतो; गुरुविद्यालयात असताना शेणाच्या पानावर ‘अक्करमाशी’ मिटवून मी ते परत केले होते. ती किळस माझी होती, आणि तिच्या मागे एक भीती होती : ही माणसे माझीच असतील ही. पुस्तकाचा बीभत्स कलात्मक आहे की नाही, हे ठरवण्याची माझी आजची कसोटी अशी आहे : तो मला त्या माणसांपासून दूर नेतो की त्यांच्या ताटापाशी बसवतो? या कसोटीला ‘अक्करमाशी’ पूर्णपणे आणि ‘उचल्या’चा पूर्वार्ध निर्विवादपणे उतरतो.

त्या बाईंना त्यांच्या यजमानांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. औषधे चालू झाली आणि सरावही. वर्षाहून अधिक काळ गेला. त्या आजही हात धुतात, पण मोजके. एका रविवारी मिस्सेनंतर अंगणात त्या मला म्हणाल्या, “फादर, आज घरून निघताना एकदाच धुतले. मिस्सा होईपर्यंत किळस येत होती, पण बसून राहिले.” मी त्यांना काही उपदेश केला नाही. त्यांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला. त्यांच्या त्वचेवरचे जुने चट्टे बोटांना लागत होते.